विश्लेषण : प्रसूती रजा संपली, पुढे काय? कायद्यातले पाळणाघर अडले कुठे?

प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेची चर्चा खूप झाली. रजा संपल्यानंतरच्या दिवसांची फारशी होत नाही. आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ जेमतेम चार ते सहा महिन्यांचे असते. बालवाडीत जायचे वय तीन. मधली अडीच वर्षे मूल कुठे राहणार, हा प्रश्न बहुतेक घरांत आजीची तब्येत, शेजारच्या काकू किंवा आईची नोकरी यांपैकी कशाच्या तरी जिवावर सुटतो. कायद्याने यावर पाळणाघराचे उत्तर दिले आहे. ते उत्तर प्रत्यक्षात का उतरत नाही?

कायदा काय देतो?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात १२ आठवड्यांची रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. त्यातील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. हे ५० म्हणजे एकूण कर्मचारी. ५० महिला नव्हेत. अनेक कार्यालयांत हा समज आजही उलटा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला आणि या तरतुदी कायम राहिल्या. सरकार, पालिका, खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेचे सामायिक पाळणाघर वापरण्याचा मार्गही संहितेने खुला ठेवला आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण अंतराची. विरार किंवा बदलापूरहून सकाळची गाडी पकडून नरिमन पॉइंटला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात पोहोचणाऱ्या आईला कार्यालयातले पाळणाघर कितीही सुसज्ज असले तरी काय उपयोगाचे? सहा महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात शिरण्याचा सल्ला कोणी देणार नाही. तिला हवे असते घराजवळचे पाळणाघर. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात कामाच्या ठिकाणाबरोबरच राहत्या वस्तीजवळच्या, ५०० मीटरच्या आतल्या पाळणाघराचाही विचार आहे. पण ती तत्त्वे आहेत, सक्ती नाही. शिवाय त्यातला वयोगट सहा महिने ते सहा वर्षे आहे. प्रसूतीपूर्वी आठ आठवडे रजा घेतलेली आई परत येते तेव्हा बाळ साधारण चार महिन्यांचे असते. म्हणजे रजा संपलेली आणि पाळणाघराचे वय झालेले नाही, अशा दोन महिन्यांच्या फटीत ते बाळ अडकते.

दुसरी अडचण पैशांची, आणि खरी मेख इथेच आहे. राज्य कामगार विमा योजनेत मोडणाऱ्या, म्हणजे सर्वसाधारणपणे महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांचा रजेचा पगार विमा महामंडळ देते. त्यावरच्या वेतनाच्या महिलांचा पगार आणि पाळणाघराचा खर्च थेट मालकावर पडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षण करार नेमके याविरुद्ध सांगतो : हा भार एकट्या मालकावर नको, तो सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून उचलावा. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. परिणाम मुलाखतीच्या खोलीत दिसतो. ‘लग्न झाले का, पुढचा काय विचार?’ हा प्रश्न उमेदवार मुलीलाच विचारला जातो, मुलाला नाही.

कारखाने कायद्याने तर मोजणीच महिलांवर बेतली होती. ३० हून अधिक महिला कामगार असतील तर पाळणाघर, असा तो नियम. एकतिसावी महिला कामावर घेतली की खर्च सुरू! चांगल्या हेतूचा नियम मालकाला महिला कमी ठेवण्याचे कारण पुरवत होता. नव्या श्रमसंहितांनी एकूण मनुष्यबळ मोजायला सुरुवात केली, ही सुधारणा मोठी आहे. मात्र दिवसातल्या चार भेटी अजूनही फक्त ‘महिलेच्या’ आहेत. बाळाला बघायला बाप खाली उतरेल, असे संहितेलाही वाटलेले दिसत नाही.

कार्यालयाबाहेरच्या महिलांचे काय?

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड बसतो. तिथे बाळ फडाच्या कडेला झोळीत असते. २६ आठवडे हा शब्दच त्या जगात पोहोचलेला नाही. पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. त्यात किती आठवडे घरी बसता येईल, याचा हिशेब सोपा आहे. बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवण्याचे काम दिल्लीत १९६९ मध्ये ‘मोबाइल क्रेशेस’ने सुरू केले आणि १९७२ पासून ते मुंबईतही झाले. इमारत जिथे उभी राहील तिथे पाळणाघर जाईल, ही त्यामागची साधी कल्पना आजही सरकारी योजनांपेक्षा जास्त व्यवहार्य वाटते.

बापाला रजा आहे का?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रात कायद्याने एकही दिवस नाही. जे मिळते ते कंपनीच्या मर्जीने. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही. दरम्यान, केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे घालवत असल्याचे दिसले. करिअर आणि घर यांची ‘तारेवरची कसरत’ म्हणतात ती या २०० मिनिटांच्या फरकावर चालते. बाईने वेळेचे नियोजन शिकावे, असे सल्ले देणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

नोकरदार आईने काय मागावे?

नियुक्तीच्या वेळी मातृत्वाचे सर्व लाभ लेखी कळवणे मालकावर बंधनकारक आहे. नियुक्तिपत्रासोबत तो कागद आला नसेल, तर ई-मेलने मागावा, म्हणजे नोंद राहते. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त स्तनपानासाठी रोज दोन वेळा सुट्टी मिळते. ही तरतूद जुनी असूनही फारशी कोणाला ठाऊक नसते. रजेनंतर घरून काम करण्याचा उल्लेखही कायद्यात आहे, मात्र कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालकाशी सहमती झाली तरच. म्हणून हे बोलणे रजेवर जाण्यापूर्वीच करून लेखी घ्यावे. रजेवर असताना नोकरीवरून काढणे किंवा सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करणे बेकायदा आहे. तक्रार कामगार आयुक्तालयाकडे करता येते. त्यासाठी नियुक्तिपत्र, रजेचा अर्ज आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात.