साडेपाच मीटरचा घेर

पहाटे ५.४०
नळाला पाणी आलंय. अहिल्यानगरात, दिल्ली गेटच्या आतल्या या गल्लीत आज पाण्याचा दिवस. काकू आधी पिंप भरतात, मग हंडा-कळशी, शेवटी बादल्या. डिसेंबरचा गारठा आहे. गार पाण्यात हात गेला की बोटं आखडतात आणि आखडलेल्या बोटांत सुई ठरत नाही. म्हणून पाणी भरून झालं की त्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसतात. चहा पिण्याची घाई नसते, बोटं मोकळी व्हायला हवी असतात.

काकांची पहिली पाळी, नागापूर एमआयडीसीत. डब्यात दोन भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. ६.२० ला गाडी सुरू होते. त्यानंतर केर, अंघोळ, देवपूजा.

सकाळी ७.१५
गच्चीवर ऊन उतरलंय. काकू चटई टाकतात आणि जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं बोचकं सोडतात. आत पांढऱ्या मलमलीचा जामा आहे. सोळाव्या शतकातल्या निजामशाही धाटणीचा. मलिक अहमदनं १४९० च्या दशकात हे शहर वसवलं. पुढं त्याच्या वंशजांच्या, म्हणजे निजामशहांच्या, दरबारात असे जामे वावरले. वरचा भाग अंगाबरोबर, बाह्या मनगटापाशी तंग, कमरेखाली मोठा घेर. हा घेर खाली एका रेषेत संपत नाही. त्याला चार टोकं आहेत, ती लोंबतात. याला चाकदार जामा म्हणतात.

आज त्या घेराची कड वळायची आहे. घेर भरतो साडेपाच मीटर.

काकू अंगठा ओला करतात. अंगठा आणि तर्जनीत कापडाची कड धरून आत वळवतात, दोन-तीन धाग्यांएवढीच. नऊ नंबरची सुई. ती खालच्या कापडातला एकच धागा उचलते आणि वळलेल्या कडेच्या आतून पुढं सरकते. असे आठ-दहा टाके सैल घालायचे, मग दोरा हलकेच ओढायचा. कड आपोआप गोल मिटते आणि टाके दिसेनासे होतात. पुन्हा ओला अंगठा. मधल्या बोटात अंगुस्ताना आहे, पितळेचा, आईकडून आलेला.

टोकापाशी कापड तिरकं येतं. तिरकं कापड ताणलं की वाढतं. म्हणून तिथं आधी कच्चा दोरा घालून ठेवलाय. टोक वळलं की कच्चा दोरा उसवायचा.

पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याचं काम उन्हातच होतं. दिव्याखाली धागा मोजता येत नाही. त्यामुळं रोज सकाळचा हा दीड तास, तोही ढग नसले तर. तासाला जेमतेम एक मीटर होतं.

“मशीनवर मारलं तर दहा मिनिटांत होईल,” काकू सांगतात. “पण मशीनची टीप मलमलीला ताणून धरते. मग घेर ताठ उभा राहतो. हातची शिलाई कापडाबरोबर पडते, ताई. तेव्हाच्या चित्रात बघा, घेर कसा खाली पडलाय.”

सकाळी ९.३०
बोचकं कपाटात. खालच्या खोलीचं शटर वर. आत पायाचं मशीन, त्याला मागून मोटर बसवलेली. भिंतीवर दरपत्रक, स्केचपेननं लिहिलेलं. साधा ब्लाउज २०० रुपये. अस्तराचा ४००. फॉल-पिको १२०. आरी वर्क नक्षी बघून.

लग्नसराई आहे. आज अस्तराचे दोन ब्लाउज द्यायचेत, दोन्ही प्रिन्सेस कट. काकू टेबलावर कापड पसरतात, त्यावर जुना मापाचा ब्लाउज ठेवतात, खडूनं आखतात. कात्री एकदाच चालते, मागं फिरत नाही. अस्तर आणि कापड एकत्र टाचायचं, मग खांदे, मग बाह्या. गळ्याला पायपिंग. हूक, लूप, मागं दोरी, दोरीला लटकन. एका ब्लाउजला अडीच तास जातात. चारशेतून अस्तराचे साठ जातात, हुका-दोऱ्याचे वीस-पंचवीस. उरतात तीनशेच्या थोडे वर.

हिशेब त्या तोंडावर करतात. तासाला सव्वाशे रुपये. म्हणजे सकाळच्या त्या घेराची नुसती कड सातशे रुपयांची झाली. हे आकडे सांगताना त्यांचा पाय मशीनवरून हलत नाही.

सकाळी ११.२०
दुसरीतला मुलगा आणि त्याची आई. शाळेचं गॅदरिंग आहे. ड्रेपरीवाल्याकडून मावळ्याचा ड्रेस भाड्यानं आणलाय, तो दोन्ही बाजूंनी ढगळ. काकू मुलाला स्टुलावर उभं करतात. कडेला दोन चुण्या घेतात, टाचण्या लावतात, लांब टाके घालतात. परत देताना उसवता यायला हवेत.

“किती झाले?”
“तीस द्या.”
“वीस घ्या की काकू.”

वीस घेतले जातात.

त्यामागून एक मुलगी, अहिल्यादेवी होणार आहे. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, १७२५ चा. २०२५ मध्ये त्याला तीनशे वर्षं झाली. काकूंकडं पांढऱ्या साडीच्या शिवलेल्या नेसणी आता बाराही महिने येतात. ही नेसण कमरेत आवळायची आहे. आत इलॅस्टिक घालायचं, साठ रुपये.

ड्रेपरीचं कापड सॅटिनचं असतं. किनार डिंकानं चिकटवलेली. काकू त्याला नाव ठेवत नाहीत. “एका दिवसाचं काम, एका दिवसाचं कापड. पोरगं स्टेजवर उभं राहिलं, आईबापाला आनंद झाला, संपलं.”

दुपारी १.१०
भाकरी, वांग्याचं भरीत, ताक. जेवून झाल्यावर काकू फोन उघडतात. पडद्यावर एक चित्र आहे. मूळ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, अहमदनगरच्या, म्हणजे याच शहराच्या, कलमाचं, साधारण १५७५ चं. सोन्याच्या आसनावर बसलेला सुलतान. अंगात झिरझिरीत पांढरा जामा, वर सोनेरी पट्टे. काकू दोन बोटांनी चित्र मोठं करतात. आधी काखेपाशी, मग मनगटापाशी. बेतणी त्यांनी यावरूनच काढली. इतर चित्रांचा आधार घेतला आणि बाकीचं जुन्या चादरीवर कापून पाहिलं.

याच काळात युरोपातही शिंपी बसलेले होते. हुआन दे अल्सेगा नावाच्या स्पॅनिश शिंप्यानं १५८० मध्ये माद्रिदला बेतणीचं पुस्तक छापलं. कुठल्या पन्ह्याच्या कापडावर कुठला तुकडा कसा मांडायचा, म्हणजे कापड कमी लागेल, याच्या आकृत्या त्यात आहेत. त्या काळचे झगे आणि तंग कोट आज युरोप-अमेरिकेत कितीतरी जण हौसेनं हातानं शिवतात. अशा आकृत्या त्यांच्या कामी येतात. जॅनेट आर्नल्ड या अभ्यासक बाईंनी संग्रहालयांतले जुने कपडे टाक्या-टाक्यानं मोजले आणि १५६० ते १६२० या काळाच्या बेतण्या १९८५ मध्ये छापल्या. काकूंनी त्या शिवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेत. भाषा कळत नाही, हात कळतात. ही कड वळायची पद्धत त्यांना तिथंही दिसली.

ते तंग कोट आणि हा जामा एकमेकांना अनोळखी नव्हते. गार्सिया द ओर्ता हा गोव्याचा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी येत असे. औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक गोव्यातच १५६३ साली छापलं गेलं.

काकूंपुढं अल्सेगा नाही. पण कापड वाचवायचं गणित तेच. घेराच्या कळ्या त्या लांब आयतातून तिरक्या कापतात. एक कळी सुलटी, दुसरी उलटी. मधे चिंधी उरत नाही. काखेत चौकोनी तुकडा तिरका बसवायचा, म्हणजे हात वर केला तरी जामा वर चढत नाही. नऊ मीटर मलमल लागली. उरलेला तुकडा रुमालाएवढा.

दुपारी ३.००
कापड बाजार. काकूंनी दुकान तासभर बंद ठेवलंय. आधी गिऱ्हाइकांची खरेदी. दोन रंगांचं अस्तर, हुकांचं पाकीट, दोऱ्याची सहा रीळं. मग जरीच्या दुकानात.

दुकानदार प्लास्टिकची जर पुढं करतो. चकचकीत, स्वस्त, चाळीसला रीळ. काकू ती नखावरून ओढतात. नखाखालून ती सरळच निघते, वळण धरत नाही. भरतकामात जरीला वळून बसावं लागतं. मग खालच्या खणातून तांब्याच्या तारेची सुरती जर येते. रेशमाच्या दोऱ्यावर तार गुंडाळलेली, वर सोनेरी मुलामा. ही वळली की वळलेलीच राहते. एक रीळ १८० रुपये. चांदीच्या तारेची खरी जर त्या विचारतही नाहीत.

दोन रीळं घेतात. तीनशेसाठ. बाहेर येऊन पाच रुपयांचं मेण. रिक्षा न करता चालत परत.

सायंकाळी ५.४५
लाइट गेली. मोटर थांबली. काकू मोटरचा पट्टा काढून पायाचा चढवतात आणि पायडल मारायला लागतात. दुसऱ्या ब्लाउजच्या बाह्या राहिल्यात, गिऱ्हाईक सातला येणार.

त्याच वेळी ड्रेपरीवाला येतो. शिवजयंती १९ फेब्रुवारीला. त्याला सरदारांचे सहा जामे हवेत. कापड तो देणार, पॉलिस्टरचं. काकू नमुना म्हणून हातशिलाईचा जामा दाखवायला आणतात. तो बॅटरीच्या उजेडात बघतो. हात पुसून मग हात लावतो.

“हा कितीला द्याल?”
“विकायचा नाही.”
“भाड्यानं? दिवसाला पाचशे देतो.”
“नाही हो. हा भाच्याच्या मापाचा आहे. तो मालोजीराजे होणार. मालोजीराजे निजामशाहीचेच सरदार ना? तेव्हाचं होतं तसंच घालू दे की त्याला.”

तो आग्रह करत नाही. पण घेराची चार टोकं त्याला आवडलीत. सहाही जाम्यांना अशीच टोकं पाहिजेत. नगाला साडेचारशे मजुरी ठरते. मशीनची शिलाई, बाहीला लेस, काखेत चौकोनी तुकडा. त्या तुकड्याचे जास्तीचे पैसे तो देत नाही. काकू म्हणतात तरी घालणार, नाहीतर पोरं भाला उचलतील आणि काख फाटेल.

हजार रुपये आगाऊ. काकू ते वहीत लिहितात.

रात्री ९.००
जेवणं झाली. लाइट आली. आता सोन्याचं काम. पिवळ्या जरीला दिवा चालतो, उलट दिव्याखाली ती जास्त स्पष्ट दिसते.

लाकडी फ्रेमवर पटक्याचा पदर ताणलाय. पटका म्हणजे जाम्यावर कमरेला बांधायचं वस्त्र. त्याच्या दोन टोकांना फुलांची नक्षी. काकू जरीचे दोन पदर शेजारी ठेवतात. जर कापडाच्या आरपार जात नाही. ती वरच बसते आणि पिवळ्या रेशमाच्या बारीक टाक्यांनी जागेवर धरली जाते. रेशीम आधी मेणावरून ओढून घेतलंय, म्हणजे गुंता होत नाही. दर दोन मिलिमीटरला एक आडवा टाका. पुढच्या ओळीत टाका आधीच्या दोन टाक्यांच्या मधोमध, विटांच्या बांधकामासारखा. पाकळीचं टोक आलं की जर नखानं दाबून मागं वळवायची आणि वळणावर दोन टाके जवळजवळ घालायचे. खालच्या बाजूनं सोनं वाया जात नाही. पूर्वीही हेच कारण होतं, सोनं महाग होतं.

तासाभरात दोन पाकळ्या.

मधेच काकांना उभं केलं जातं. भाचा त्यांच्याच उंचीचा. ते दिवसभराचे दमलेले, पण हात पसरून उभे राहतात. काकू जामा चढवतात, डाव्या काखेखाली बंद बांधतात. मुसलमानांचे बंद उजवीकडं, हिंदूंचे डावीकडं, असा त्या काळचा रिवाज सांगतात. काका एक गिरकी घेतात. वळलेली कड पायांभोवती फिरते आणि खाली पडते. न वळलेल्या बाजूला कापड अडखळतं.

“इथं जड पडतंय,” काका म्हणतात.
“कच्चा दोरा आहे तिथं. निघाला की बसेल.”

रात्री १०.५०
दोन वह्या. पहिली दुकानाची. दोन ब्लाउजचे ८००, तीन फॉल-पिकोचे ३६०, नेसणीचे ६०, मावळ्याचे २०. एकूण १२४० जमा. अस्तर-हुकांचे १७० वजा. ड्रेपरीवाल्याची आगाऊ रक्कम वेगळ्या रकान्यात.

दुसरी वही जाम्याची. मलमल ९९०, सुती दोरा ६०, पटक्याचं कापड ७५०, रेशीम १२०. आधीची दोन रीळं आणि आजची दोन, मिळून जर ७२०. मेण ५. बेरीज २६४५. शेजारी दुसरा रकाना आहे, त्यावर लिहिलंय तास. तिथं आजचे साडेतीन चढतात. या वहीत मजुरीचा रकाना आखलेलाच नाही.

“हे झालं की काय?” मी विचारते.

काकू वहीचं कोरं पान उलटतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे हस्तलिखित आहे, हुसेन निजामशाहाच्या गौरवाचं. त्यातल्या चित्रांत त्याची राणी खुंजा हुमायून त्याच्या शेजारी होती. ही चांदबिबीची आई. नवऱ्यामागं १५६५ पासून काही वर्षं तिनं मुलाच्या नावानं राज्य चालवलं, मग त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. चित्रांतूनही पुढं तिची आकृती खोडली गेली.

“राणी पुसली, पण बाकीच्या बायका आहेत की चित्रांत. त्यांची चोळी दिसते, पदर दिसतो. तिथून माप काढता येईल.” त्या पानावर आकडा लिहितात. “चोळीला पाऊण मीटर पुरेल. पदराला मात्र हातमागाचंच कापड बघावं लागेल. ते या सहा जाम्यांच्या मजुरीतून निघेल.”