इपॉक्सी : काय सांधावे, काय सांधू नये आणि हात कसे जपावेत

पाठीवरच्या फवारणी पंपाच्या टाकीला बुडाशी चीर गेली, म्हणून दुकानातून दोन नळ्यांचे ‘अ‍ॅराल्डाइट’ आणून ती बुजवली, असे आमच्या पॅरिशमधल्या एका शेतकरी बंधूंनी आम्हांला सांगितले. दोन दिवस पंप नीट चालला. तिसऱ्या दिवशी भातावर फवारा मारत असताना बुजवलेला भाग वाळलेल्या खपलीसारखा सुटला आणि कीटकनाशक पाठीवरून कमरेपर्यंत ओघळले. ते लगेच ओहोळावर जाऊन कपडे काढून साबणाने धुतले, म्हणून देवकृपेने थोड्या मळमळीवर निभावले.

यात दोष त्यांच्या हाताचा नव्हता आणि नळीचाही नव्हता. पंपाची टाकी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला इपॉक्सी धरत नाही. घासून लावा, दाबून लावा, दुप्पट लावा, ते नुसते वर बसते. पाण्याच्या बादल्या, डबे आणि पॉलिप्रॉपिलिनच्या खुर्च्या यांचेही तेच. ज्या टाकीत विष भरून आपण ती पाठीला बांधतो, ती फुटली तर टाकीच बदलावी. त्यात काटकसर नको.

हा विषय आम्ही या पानावर घेण्याचे आणखी एक कारण आहे. हल्ली फेस्ताच्या विक्रीसाठी आणि नाताळसाठी आपली तरुण मुलेमुली पारदर्शक रेझिन ओतून ट्रे, क्रूस, रोझरीच्या डब्या करतात. काम देखणे होते. पण घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर, उघड्या हातांनी, जवळ लहान भावंडे बसलेली असताना ते चालते, हे पाहून आम्हांला राहवले नाही.

नळीतले ‘अ‍ॅराल्डाइट’, बाटलीतले पारदर्शक रेझिन आणि नळाला लावायची एम-सीलची पुट्टी ही सारी एकाच कुळातली. स्विस रसायनतज्ज्ञ पियेर कास्तां हे दातांच्या कवळीसाठी पदार्थ शोधत असताना या रेझिनपर्यंत पोचले, आणि १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये ते चिकटद्रव्य म्हणून लोकांपुढे आले. त्याचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. ते वेगळे असतात तोवर पातळ राहतात. एकत्र केले की त्यांच्या रेणूंची एकमेकांत गुंफण होऊन घट्ट जाळे तयार होते. डिंक किंवा रंग वाळतो तसे हे वाळत नाही. म्हणून उन्हात ठेवून पाणी उडवण्याचा येथे प्रश्नच नसतो. दोन्ही भाग ठरल्या मापात भेटले पाहिजेत एवढेच.

बहुतेक चुका येथेच होतात. ‘लवकर धरावे म्हणून हार्डनर जरा जास्त घातला’ असे आम्ही नेहमी ऐकतो. फायबरच्या नावा आणि टाक्या ज्या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनने करतात, त्यात शेवटचे द्रव्य थोडे वाढवले तर काम लवकर होते. ती सवय इथे आणू नये. इपॉक्सीत हार्डनरचा जास्तीचा भाग जोडीदार न मिळाल्याने तसाच उरतो. वस्तू कायमची चिकट राहते आणि तो उरलेला भाग हाताला लागत राहतो. नळीच्या जातीत साधारणपणे सारख्या लांबीच्या दोन रेघा काढायच्या असतात. बाटलीच्या जातीत कुठे दोनास एक, कुठे तिनास एक. ते माप वजनाने की आकारमानाने, हे डब्यावर नीट वाचावे, कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असते आणि दोन्ही मापे सारखी येत नाहीत. वजनाचे असेल तर ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतोच. मिसळताना तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्यावा. कडेला राहिलेले न मिसळलेले थेंब पुढे चिकट डाग होऊन वर येतात.

आता सांधण्याविषयी. लोखंड, पितळ, लाकूड, दगड, काच, मातीचे भाजलेले भांडे यांना इपॉक्सी छान धरते, मात्र जागा तेलकट, ओली किंवा गंजलेली नसावी. पंपाच्या बिडाच्या खोक्याला केसासारखी चीर पडली तर आधी तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे, नाहीतर चीर पुढे पळत जाते. मग कानशीने चिरेवर उथळ खाच करावी, साबणाने धुवून वाळवावे, अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसावे आणि त्यानंतर बोट लावू नये. आपल्या बोटाचेही तेल असते. चोवीस तासांत धरणारी संथ जात घ्यावी. पाच मिनिटांची जात घाईच्या कामाला बरी, पण पाण्यात ती तेवढी टिकत नाही. एवढे करूनही हा उपाय पेरणीचे दिवस निभावून नेण्यापुरता समजावा. इंजिनाच्या सायलेन्सरला, पेट्रोलच्या टाकीला, चुलीवरच्या भांड्याला हे लावू नये. घरच्या तापमानाला धरणारी साधी जात पन्नास-साठ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. रेझिनच्या सुंदर ट्रेवर गरम चहाचा कप ठेवला की वळ उठतो तो यामुळेच.

कुऱ्हाडीचा किंवा कुदळीचा दांडा रेषेने उभा चिरला असेल तर आत इपॉक्सी भरून दोरीने आवळून ठेवता येतो. आडवा मोडला असेल तर तो सरपणात घालावा. सांधलेल्या दांड्यावरून कुऱ्हाडीचे पाते सुटले तर ते कुणाच्या अंगावर जाईल हे सांगता येत नाही.

नाताळच्या गोठ्यातील मूर्तींचे मात्र हे उत्तम औषध आहे. गाढवाचा कान, मेंढराचा पाय, संत योसेफांचा काठी धरलेला हात दर वर्षी पेटीतून मोडूनच निघतो! तुटलेल्या पृष्ठावरची धूळ ब्रशने झाडावी, अगदी पातळ थर लावावा, हात किंवा पाय असेल तर दोन्ही बाजूंना भोक पाडून आत तारेचा तुकडा घालावा, आणि रबराने आवळून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नये. बाहेर आलेले थेंब ओले असतानाच पुसावेत. चर्चमधल्या जुन्या लाकडी कोरीव मूर्तींना मात्र कुणी उत्साहाने हे लावू नये. इपॉक्सी एकदा धरले की वस्तूला इजा न करता परत निघत नाही, आणि पुढे जाणकार माणसाला त्या मूर्तीचे नीट काम करणे अशक्य होते. आधी फादरना सांगावे. मिस्साच्या चषकाचेही तसेच; ते सोनाराचे काम आहे. पिण्याच्या पाण्याचा माठ, हौद, धान्य शिजवायचे भांडे यांच्या आतल्या बाजूला साधे इपॉक्सी वापरू नये. त्यासाठी खास जात असते आणि डब्यावर तसे लिहिलेले असते.

पारदर्शक ओतकामाचे दोन-तीन गुपित सांगून पुढे जाऊ. रेझिनची बंद बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवली तर ते पातळ होते आणि बुडबुडे कमी धरते. फूल किंवा झावळ्यांच्या रविवारची झावळी आत घालायची असेल तर ती पुस्तकात दाबून पुरी वाळलेली हवी. ओलावा राहिला की आत काळी पडते. (अशी झावळी पुढच्या राखेच्या बुधवारसाठी चर्चमध्ये परत आणू नये. जळत्या रेझिनचा धूर वाईट.) लाकडावर ओतण्याआधी एक पातळ हात मारून त्याची भोके बुजवावीत. एका वेळी डब्यावर सांगितलेल्या जाडीपेक्षा जास्त ओतू नये. धरताना रेझिन स्वतः उष्णता सोडते. पेल्यात पावशेर मिश्रण तसेच ठेवले तर ते तापून धुरू लागते, पेला वितळतो. असे झाले तर हातात न धरता ते अंगणात मोकळ्यावर ठेवावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत वरच्या बाजूला पांढुरकी चिकट साय येते, तेव्हा आपल्याकडे हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करावे. आणि कबरीवरच्या क्रूसावरील फोटोला पावसापासून जपण्यासाठी रेझिन ओतायचा विचार असेल तर थांबा. उन्हाने ते पिवळे पडते आणि काही वर्षांत चेहराच दिसेनासा होतो.

आता हातांविषयी, आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावे. न धरलेले रेझिन आणि हार्डनर हे दोन्ही कातडीला अ‍ॅलर्जी आणू शकतात. पहिल्या दिवशी काही होत नाही. दहादा काही होत नाही. मग अकराव्या वेळी बोटांच्या बेचक्यांत खाज, लाली, पाण्याचे बारीक फोड येतात. एकदा शरीराने याला शत्रू मानले की ते सहसा विसरत नाही. पुढे एखादा थेंब, कधी नुसती वाफही पुरते आणि पापण्या सुजतात. आपल्या भागात गाजर गवताने असेच चेहऱ्यावर व मानेवर उठते, त्यामुळे रोगी आणि डॉक्टर दोघेही फसतात. आमच्या ओळखीची एक मुलगी तीन महिने नायट्याचे मलम लावत होती. रेझिनच्या कामाचा उल्लेख तिने केला नव्हता, आणि कुणी विचारलाही नव्हता. तेव्हा डॉक्टरांना हे काम आपणहून सांगावे. मोठ्या इस्पितळांच्या त्वचारोग विभागात पाठीवर पट्ट्या लावून नेमके कारण शोधता येते.

हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत; दवाखान्यातले पांढरे रबरी मोजे पुरेसे नाहीत. एकदा माखलेले मोजे पुन्हा घालू नयेत. काम खिडक्या उघड्या ठेवून किंवा पडवीत करावे. मध्येच तंबाखू मळणे, विडी ओढणे, सुपारी कातरणे नको. कातडीला लागले तर आधी कोरड्या फडक्याने टिपावे, मग साबण व पाणी. रॉकेल, थिनर, अ‍ॅसिटोन हाताला मुळीच लावू नये. त्याने डाग जातो खरा, पण कातडीचे संरक्षक तेल निघून रेझिन आत शिरायला वाट होते. डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे डोळा उघडा धरून धुवावा आणि तसेच डॉक्टरांकडे जावे. हार्डनर डोळा जाळतो. मुलाने चाटले किंवा गिळले तर उलटी काढू नये, डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. पॉलिश पेपरने घासायचे असेल तर वस्तू पूर्ण धरल्यावर, मास्क लावून आणि पाणी मारून घासावे. अर्धवट धरलेल्या रेझिनची धूळही तेच दुखणे आणते. दमेकऱ्यांनी आणि ज्यांना आधीच गाजर गवताचा त्रास आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे, असे आमचे मत आहे.

उरलेले मिश्रण ओहोळात किंवा विहिरीजवळ ओतू नये. जुन्या पत्र्याच्या झाकणात पातळ पसरून ठेवावे, दुसऱ्या दिवशी ते टणक होईल, मग कचऱ्यात टाकावे. मिसळायला घेतलेला पेला पुन्हा घरात वापरू नये. आणि दोन बाटल्यांची झाकणे अदलाबदल होऊ देऊ नयेत. झाली तर झाकण बाटलीलाच सांधले जाते आणि उरलेले द्रव्य वाया जाते.