पगारपत्रकातले 200 रुपये

मुंबई-पुण्यातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा एक लहानशी रक्कम कापली जाते. प्रोफेशनल टॅक्स, 200 रुपये. फेब्रुवारीत 300. वर्षाचे झाले 2,500. घटनेने घातलेली ही कमाल मर्यादा 1988 पासून तशीच आहे.

महाराष्ट्राने 1975 साली हा कर बसवला तो गावातल्या मजुराला गावातच काम देता यावं म्हणून. त्याआधीच्या दुष्काळात, मे 1973 मध्ये, सरकारी कामांवर सुमारे 50 लाख माणसं राबत होती; खडी फोडत होती, बांध घालत होती. ती कामं नसती तर यांतले किती जण शहराच्या वाटेला लागले असते! वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेला (रोहयोला) कायमचा पैसा हवा होता, तो या कराने उभा केला.

आता हिशेब मांडू. 2025-26 मध्ये राज्यात रोहयोची मजुरी होती दिवसाला 312 रुपये. म्हणजे एका नोकरदाराचा वर्षाचा कर म्हणजे एका मजुराचे आठ दिवस. शंभर जणांच्या कचेरीचा कर म्हणजे आठ कुटुंबांचे शंभर-शंभर दिवस.

देशाचा आकडा तर छाती दडपणारा आहे. 2020-21 मध्ये, शहरं बंद पडून लोक गावी परतले तेव्हा, देशभरच्या रोजगार हमीवर 1 लाख 11 हजार कोटी रुपये खर्च झाले. 11 कोटींहून अधिक माणसांनी काम केलं. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या एवढीच होती. कामाचे दिवस भरले 389 कोटी. एकट्या माणसाला ते भरायला 1 कोटी 6 लाखांहून अधिक वर्षं लागतील.

तरीही एका कुटुंबाच्या वाट्याला त्या वर्षी सरासरी 52 दिवसही पुरते आले नाहीत.

म्हणूनच दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधी हातात पडते. हमीची मजुरी काम झाल्यावर. कायद्याने ती पंधरा दिवसांत द्यायची, पण अनेकदा महिने उलटतात. चूल तेवढं थांबत नाही.

मजुराला गावात ठेवायचं असेल, तर त्याची मजुरी पंधराव्या दिवशी त्याच्या हातात पडलीच पाहिजे.