चुकलेल्या छापाचें मोल

छत्रपति संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर करमाड हें एक लहानसें स्टेशन आहे. १९०० सालीं या मार्गानें आगगाडी धांवूं लागली, तेव्हां हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि निजामाचें टपालखातें इंग्रजी टपालाहून अगदीं निराळें होतें. १९५० सालीं तें भारतीय टपालांत विलीन झालें. अशा गांवांतील एखाद्या जुन्या वाड्याच्या दप्तरांत निजामशाही तिकिटांचीं पत्रें निघालीं तर नवल नाहीं. परंतु दिवाळीपूर्वींच्या साफसफाईंत त्यांचें काय होतें, हें गृहिणींस आम्ही सांगावयास नको! रद्दी बंबांत जाते; आणि घरांतील एखाद्या चिरंजिवांस तिकिटांचा नाद असलाच, तर तीं पाण्यांत भिजवून सोडविलीं जातात. हे दोन्ही उपचार तूर्त थांबवावे अशी आमची विनंति आहे.

१८७० सालचीं निजामाचीं अर्ध्या आण्याचीं व दोन आण्यांचीं तिकिटें स्थानिक कारागिरांनीं कोरलीं. एका तावांत तिकिटें २४०, आणि प्रत्येक स्वतंत्रपणें हातानें कोरलेलें. म्हणून एकासारखें दुसरें नाहीं! पुढील तिकिटांतही कोठें अक्षरावरचें टिंब गळालेलें, तर कोठें अक्षराची शेपटी नाहींशी झालेली आढळते. असा दोष ठशांतच असला म्हणजे तो प्रत्येक तावांत त्याच जागीं पुन्हां पुन्हां उमटतो. शाईचा अवचित पडलेला डाग मात्र एकदांच पडतो. संग्राहकाच्या दृष्टीनें त्याची योग्यता फारच कमी. हा भेद ज्यास कळला त्यास या छंदाची अर्धी विद्या आली असें समजावें.

खरी मोठी चूक निराळीच. १८५४ सालीं कलकत्त्यास चार आण्यांचें दुरंगी तिकीट शिळाछापावर छापीत. चौकट तांबडी, राणीचें शिर निळें. अर्थात् प्रत्येक ताव यंत्रांतून दोनदां काढावा लागे. त्यांत एखादा ताव उलटा घातला गेला आणि राणीसाहेब खालीं डोकें वर मान अशा अवतरल्या. हीं तिकिटें आज जगांत मोजकींच उरलीं आहेत. परंतु चूक म्हणजे संपत्ति, असा भ्रम कोणीं बाळगूं नये. १९४९ सालच्या ज्या मालिकेंत तीन पैंच्या तिकिटावर आमचें अजिंठें झळकलें, तींतच एक आण्याच्या तिकिटावरील बोधिसत्त्व आरशांतल्यासारखा उलटा छापला गेला. पुढल्या वर्षीं ती चूक सुधारली. तथापि तीं उलटीं तिकिटें विपुल निघालेलीं असल्यामुळें आजही स्वस्तांत मिळतात.

तिकिटांच्या पुस्तिकांची गोष्ट याहूनही गमतीची. आपल्याकडे त्या १९०४ पासून निघूं लागल्या. पानें एका कडेला शिवतां यावीं म्हणून कित्येक ठिकाणीं तावाचा अर्धा भाग मुद्दाम उलटा छापीत. कापल्यावर तिकिटें सुलटींच दिसतात, पण कागदांतील जलचिन्ह निम्म्या पुस्तिकांत उलटें येतें! उजेडासमोर धरल्यावांचून हें कळत नाहीं. बरें, पुस्तिका घेतात त्या फाडून वापरण्यासाठींच. त्यामुळें अखंड पुस्तिका, तिचें वेष्टन व त्यावरील जाहिरातींसह, दुर्मिळ होते. आम्हांस तर एका सुट्या तिकिटापेक्षां अशी अखंड पुस्तिकाच अधिक बोलकी वाटते.

लबाडांचाही या व्यापारांत सुकाळ आहे. कडेचीं छिद्रें कातरून "बिनछिद्री" म्हणून विकलेलें सुटें तिकीट कधींही घेऊं नये. जोडी असेल तरच विचार करावा. रंगाची चूक म्हणून दाखविलेलें तिकीट पुष्कळदां उन्हानें विटलेलें किंवा रसायनांत बुडविलेलें असतें.

दप्तर उघडाल तेव्हां लिफाफा सबंध ठेवावा. गांवच्या टपालाचा शिक्का तिकिटाइतकाच मोलाचा असतो. आणि पुस्तिकेच्या तारेचा टांका गंजला असला तरी तो उपटूं नये. कोरड्या जागीं, कोऱ्या कागदांत गुंडाळून ठेवावी, आणि तीवर उदबत्तीचा पुडा ठेवूं नये, कारण त्याचें तेल कागदांत उतरतें.