पुराच्या डागांचं काय करायचं?

१२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पुण्यात नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठांमधल्या घरांत पाणी शिरलं. त्यातून वाचलेले अल्बम माझ्याकडे स्कॅनिंगला येतात, ते बघताक्षणी ओळखू येतात. कडेला तपकिरी रेघ, पानांच्या बेचक्यात वाळलेला गाळ आणि एखादा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला.

तो सोडवायला जायचं नाही. कृष्णधवल फोटोत चांदीचे कण जिलेटिनच्या थरात असतात. पाण्यात जिलेटिन फुगून मऊ होतं आणि वाळताना काचेला धरून बसतं. ओढलं, तर कागद हातात येतो नि चेहरा काचेवर राहतो. म्हणून काचेसकटच फोटो घ्यायचा: कॅमेरा बरोब्बर वर, दोन्ही बाजूंना तिरके दिवे. सुटे फोटो मऊ ब्रशने झटकून स्कॅनरवर ठेवायचे. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराला १२००. फाइल टिफ, जेपीईजी फक्त व्हॉट्सअ‍ॅपपुरती.

इथपर्यंत काम सरळ असतं. मग घरचे म्हणतात, "तेवढा डाग काढून द्या." काढतो, पण वेगळ्या प्रतीवर. फोटो लग्नाचा असला तरी त्यावरची रेघ पानशेतची आहे. ती पुसली की त्या घराची निम्मी हकिकत गेली. चेहरा एका झटक्यात 'स्पष्ट' करणारी अ‍ॅप्स तर मला मुळीच पटत नाहीत. पुसट चेहऱ्यात जे नाही ते ती मनाने भरतात. आजीचे डोळे टपोरे होतात, पण ते आजीचे राहत नाहीत. नातवाने आजीला पाहिलेलंच नसतं. त्याला काय कळणार?

स्कॅन झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली. ती आग निदान दिसली तरी. हार्ड डिस्क बसते तेव्हा धूरही निघत नाही. म्हणून दोन प्रती, त्याही दोन वेगळ्या घरांत.

तुमच्याकडे असा अल्बम असेल तर स्कॅनरची घाई करू नका. आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला घेऊन बसा, फोनवर बोलणं रेकॉर्ड करा. नावं फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो.