मनोऱ्याच्या पोटातलं जेवण

मागच्या व्याख्यानात आपण ‘रुची’ या शब्दापाशी थांबलो होतो. जिभेला कळते ती रुची, आणि चित्र पाहताना किंवा गाणं ऐकताना जी लागते, तिलाही आपण अभिरुचीच म्हणतो. एका शब्दाच्या घरात हे दोन अर्थ कसे नांदतात, असा प्रश्न होता. आज त्याच प्रश्नाकडे एका ठोस उदाहरणातून जाऊ. उदाहरण आहे पॅरिसच्या आयफेल टॉवरमध्ये बसून जेवण्याचं.

निमित्त झालं एका श्रोत्याच्या पत्राचं. हे गृहस्थ सपत्नीक मुलाकडे युरोपात गेले होते. मुलानं मोठ्या हौसेनं आयफेल टॉवरवर टेबल राखून ठेवलं. जेवण उत्तम झालं, असं ते लिहितात. पण बिल पाहिल्यापासून एक प्रश्न त्यांची पाठ सोडत नाही: पैसे नेमके कशाचे दिले? पदार्थांचे म्हणावे, तर चांगले पदार्थ खाली शहरातही मिळतात. देखाव्याचे म्हणावे, तर त्या देखाव्यात मुख्य वस्तूच गैरहजर. पॅरिसच्या प्रत्येक चित्रात आयफेल टॉवर असतो, आणि इथल्या खिडकीतून तो सोडून बाकी सगळं दिसतं. प्रश्न त्यांनी हसत हसत विचारलाय. पण आम्हांला तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न वाटतो, आणि चांगला वाटतो.

त्यांच्या आधी हीच विसंगती एका फार मोठ्या लेखकाच्या नावावर सांगितली जाते. मोपासाँला हा टॉवर अजिबात आवडत नसे. तरी तो दुपारचं जेवण टॉवरवरच्या रेस्टॉरंटमध्ये घेई. का, असं विचारल्यावर म्हणे, पॅरिसमध्ये ही एकच जागा आहे जिथून मला तो पाहावा लागत नाही! रोलाँ बार्थ यांनी आयफेल टॉवरवरच्या आपल्या १९६४ सालच्या निबंधाची सुरुवात याच गोष्टीनं केली, आणि तिथून ती जगभर पसरली.

गोष्ट खरी असेल का? थोडं तपासून पाहू. टॉवरचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा १४ फेब्रुवारी १८८७ रोजी ‘ल ताँ’ या वृत्तपत्रात पॅरिसच्या कलावंतांचं निषेधपत्र छापून आलं. सह्या करणाऱ्यांत ऑपेराचा वास्तुकार शार्ल गार्निए होता, संगीतकार गुनो होता, धाकटा द्यूमा होता, आणि मोपासाँही होता. म्हणजे नावड खरी. पुढे १८९० च्या एका प्रवासवर्णनात, या टॉवरचा वीट आला म्हणून आपण पॅरिसच नव्हे तर फ्रान्सही सोडून निघालो, असंच त्यानं लिहिलं. टॉवर १८८९ मध्ये खुला झाला आणि १८९२ च्या जानेवारीत मोपासाँ मनोरुग्णांच्या दवाखान्यात दाखल झाला, तिथून तो परतलाच नाही. तेव्हा रोज तिथं जेवायला त्याला सवड किती मिळाली असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय हाच विनोद मोंपारनास टॉवरवरही सांगतात. तो १९७३ मध्ये पुरा झालेला २१० मीटरचा काळा ठोकळा. अनेक पॅरिसकरांना तो डोळ्यांसमोर नको असतो. म्हणजे नावडती उंच इमारत आली, की हा विनोद तिच्या मागोमाग येतोच.

पण गोष्ट घडली की नाही यापेक्षा ती काय सांगते, ते पाहू. टॉवरच्या आत बसलं की टॉवर दिसत नाही, हे शब्दशः खरं नाही. खिडकीबाहेर तिरप्या लोखंडी पट्ट्या दिसतात, रिव्हेटांच्या रांगा दिसतात. दिसत नाही तो आकार. पोस्टकार्डावरची, किल्ल्यांच्या जुडग्यावर लोंबणारी ती रेघ तिथं नसते. भाग हाताशी, आणि अवयवी गायब! बार्थ यांचं म्हणणं असं की पाहिलं तर टॉवर ही एक वस्तू असते, पण वर चढलं की तीच नजर बनते आणि पॅरिस तिची वस्तू होते. आपल्याकडे ‘दृग्दृश्यविवेक’ नावाचा वेदान्ताचा एक छोटा ग्रंथ आहे. पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांत घोटाळा करू नये, यावर तो उभा आहे. डोळा सगळं पाहतो, स्वतःला पाहत नाही. टॉवरवर जेवणारा माणूस काही काळ शहराच्या डोळ्यात जाऊन बसतो. मग डोळा दिसला नाही म्हणून तक्रार करता येईल का?

आता कोणी म्हणेल, कशाला एवढं तत्त्वज्ञान? स्मारक बांधलं स्मारक म्हणून, आणि पुढं व्यापाऱ्यांनी त्यात खाणावळी घातल्या, एवढंच. हे मात्र इतिहासाला धरून नाही. खाणावळी पहिल्या दिवसापासून होत्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त १८८९ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं, त्यासाठी हा ३०० मीटरचा टॉवर उभारला. सरकारनं अनुदान दिलं १५ लाख फ्रँक. खर्चाच्या मानानं ते फारच अपुरं होतं. बाकीच्या पैशांची जबाबदारी गुस्ताव्ह आयफेल यांची, आणि त्या बदल्यात २० वर्षं टॉवर चालवून उत्पन्न घेण्याचा हक्क त्यांना. तिकिटं आली त्या उत्पन्नात, आणि खाणं-पिणंही आलं. सुमारे ५७ मीटरवरच्या पहिल्या टप्प्यावर, चार बाजूंना चार लाकडी दालनं होती. त्यांची रचना स्टेफन सोव्हेस्त्र या वास्तुकारानं केली होती. एक फ्रेंच, एक रशियन, एक फ्लेमिश आणि चौथा अँग्लो-अमेरिकन बार. प्रत्येकात ५०० माणसं बसतील एवढी जागा. प्रदर्शनाच्या काळात जवळपास २० लाख लोक टॉवरवर चढले. तेव्हा कलावंतांना जो आकाशात घुसलेला लोखंडी सांगाडा दिसत होता, त्याचं कर्ज थोडंफार सूप आणि बिअर फेडत होती. या मनोऱ्याच्या बाबतीत तरी जेवण ही मागाहून लागलेली कीड नाही.

इथं कांट येतो. त्याच्याशिवाय आमचं व्याख्यान पुरं होत नाही, हे नेहमीचे श्रोते जाणतातच. १७९० मध्ये, म्हणजे टॉवरच्या ९९ वर्षं आधी, त्यानं सौंदर्यविधानाची चिकित्सा केली. सुरुवातीलाच तो एक उदाहरण घेतो. समजा, समोर एक राजवाडा आहे आणि मला कोणी विचारलं, हा सुंदर आहे का? मी म्हणू शकतो, नुसतं आ वासून बघत राहावं अशा गोष्टी मला आवडत नाहीत. किंवा इरोक्वॉय जमातीच्या त्या सरदारासारखं म्हणू शकतो, ज्याला सबंध पॅरिसमध्ये खाणावळींइतकं दुसरं काही आवडलं नाही. किंवा रूसोसारखा चिडून म्हणेन, की बड्यांच्या मिजाशीपायी लोकांचा घाम असल्या निरुपयोगी गोष्टींवर उधळला जातो. कांट म्हणतो, हे सगळं मान्य, पण प्रश्न तो नव्हताच. सुंदर म्हणताना त्या वस्तूच्या असण्या-नसण्यात माझा काही स्वार्थ गुंतलेला नसतो. सुखद पदार्थाचं तसं नाही. तो मला हवा असतो, पोटात हवा असतो.

गंमत पाहा. कांटनं वेगळे केलेले दोघं, राजवाडा पाहणारा आणि खाणावळीकडे वळणारा, आयफेलनं एका लिफ्टमधून वर नेले आणि एकाच टेबलाशी बसवले. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव मांडले. हे टेबल त्या दोन ध्रुवांच्या बरोबर मधे मांडलेलं आहे. खिडकीकडे मान वळवली की अलौकिक, ताटाकडे वळवली की लौकिक, आणि वेटर आला की पूर्ण लौकिक.

तेव्हा पैसे कशाचे? आमचं उत्तर असं, की पैसे संबंधाचे दिले. पदार्थ आणि जागा यांच्या संबंधाचे. आणि संबंध म्हटला की न्याय-वैशेषिकांकडे जायला हवं, कारण संबंधांचा एवढा बारकाईनं विचार फार थोड्यांनी केला आहे. ते दोन संबंध मानतात. एक संयोग: झाडाच्या फांदीवर पक्षी बसला. दोन स्वतंत्र द्रव्यं जवळ आली, उद्या दूर होतील, पक्षी पक्षी राहील आणि झाड झाड. दुसरा समवाय: धागे आणि कापड, फूल आणि त्याचा रंग. इथं वेगळं काढायला गेलात तर वेगळं काढलेलं उरतच नाही. टॉवरवरचं रेस्टॉरंट आणि टॉवर यांच्यात कोणता संबंध? जेवणाऱ्याला वाटतं, समवाय. हे जेवण या जागेवाचून असूच शकत नाही, या भावनेनं तो खिशात हात घालतो. प्रत्यक्षात आहे संयोग.

आणि हे आम्ही नुसतं तर्कानं म्हणत नाही. त्याचा प्रयोग होऊन गेला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टॉवरची मोठी दुरुस्ती झाली. इतक्या वर्षांत वर चढत गेलेला हजार टनांहून अधिक भार उतरवला गेला. त्यात पहिल्या टप्प्यावरचं एक जुनं रेस्टॉरंट, त्याच्या लोखंडी आधारासकट, सुटं करून काढलं. १८८९ ची दालनं तर १९३७ च्या प्रदर्शनाच्या वेळीच गेली होती, हे त्यांच्यानंतरचं. ते विकत घेतलं गेलं, ११,००० तुकड्यांत कंटेनरमधून अटलांटिकपार गेलं आणि अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्सच्या सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूवर पुन्हा जोडलं गेलं. नाव ठेवलं आयफेल टॉवरचंच. पुढे मालक बदलले, नावं बदलली.

या वास्तूत बसलेल्या माणसाचा विचार करा. भिंती त्याच, लोखंड तेच. समोर सेन नदी नाही, त्रोकादेरो नाही. रस्त्यावरून जुनी ट्राम खडखडत जाते. मोपासाँच्या तर्कानं पाहिलं तर ही जागा पॅरिसमधल्या जागेपेक्षा सरस, कारण इथून टॉवर कुठल्याच खिडकीतून दिसण्याची भीती नाही! आता सांगा, टॉवरमधलं रेस्टॉरंट कोणतं? जे टॉवरमधून निघून गेलं ते, की टॉवरमध्ये नंतर नव्यानं आलेलं ते? टॉवरच्या दुसऱ्या टप्प्यावर, सुमारे सव्वाशे मीटर उंचीवर, १९८३ मध्ये ‘ल ज्यूल व्हर्न’ सुरू झालं. दक्षिणेकडच्या पायातून त्याची स्वतंत्र लिफ्ट आहे. २०१७ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जेवायला नेलं ते तिथंच. त्यांनी न्यू ऑर्लिअन्सच्या वास्तूतलं मूळ लोखंड शोधलं नाही. राजकारण्यांना संयोग पुरतो.

ही स्वतंत्र लिफ्ट आम्हांला मात्र खटकते, ते का ते सांगतो. आपल्यापैकी बहुतेक जण सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन आलेले असतील. मडक्यातलं दही, ठेचा, कांदा. हेच पिठलं घरी केलं तर तसं लागत नाही, असं प्रत्येक जण म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. पायथ्यापासून चढून गेलं की भूक गडानं लावलेली असते. जागा शरीरात शिरलेली असते, पोटऱ्यांत, घशात, घामात. मग ती घासात उतरते. इथं संबंध समवायाच्या बराच जवळ जातो. गाडीनं थेट वर जाणाऱ्याला तेच पिठलं थोडं कमी लागतं, असा आमचा समज आहे. कोणी वाद घातला तर घालू द्या. आयफेल टॉवरलाही जिना आहे. दुसऱ्या टप्प्यापर्यंत पायी जाता येतं, सहाशेंहून अधिक पायऱ्या आहेत. स्वतंत्र लिफ्टनं जाणारा रांगेतून सुटतो, आणि जागेतूनही सुटतो. उंची त्याला मिळते, चढण मिळत नाही. मग उरलेलं काम बिलाला करावं लागतं: आपण विशेष ठिकाणी आहोत, याची आठवण करून देण्याचं.

अर्थात जेवण म्हणजे जागा आणि पदार्थ एवढंच नव्हे. कांटविषयी लोकांचा समज असतो की हा माणूस वेळेवर फिरायला जाई आणि कोरडं लिही. खरं तर दुपारचं जेवण तो पाहुण्यांबरोबर तास न् तास चालवी. तत्त्वज्ञानं एकट्यानं जेवू नये, असं त्याचं मत होतं. पंगतीचा त्याचा नियमही होता: ग्रीकांच्या लावण्यदेवींपेक्षा कमी नकोत आणि कलादेवींपेक्षा जास्त नकोत. म्हणजे तीन ते नऊ. आणि मेजवानीच्या वेळी संगीत वाजवणं त्याला अत्यंत अरसिक वाटे, कारण जेवणाचं सार गप्पांत, आणि संगीत गप्पा मोडतं. टॉवरवरची खिडकी हे डोळ्यांना लावलेलं तसंच संगीत आहे. दिवे लागले, की बोलणारा वाक्य अर्ध्यात सोडून बाहेर बघतो, मग फोन काढतो. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना आम्ही उलट एवढंच विचारलं, की मुलाशी बोलणं किती झालं? त्यांचं उत्तर आलं. ते खाजगी आहे, पण त्यांनी आपला पहिला प्रश्न मागे घेतला नाही, हे सांगायला हरकत नाही.

आता समोरून चिठ्ठी आली आहे: मग प्रसादाचं काय? देवळातला लाडू आपण घरी आणतो, शेजारी वाटतो, परगावी पाठवतो, आणि तो प्रसादच राहतो. त्याचा देवळाशी संयोग केव्हाच सुटला, भिंत नाही, खिडकी नाही, तरी संबंध उरला. वैशेषिकांच्या दोन्ही खणांत तो नीट बसत नाही. चिठ्ठी चांगली आहे, आणि घड्याळ दहा मिनिटं पुढं गेलं आहे. पुढच्या वेळी तिथून सुरू करू.