बर्फावर जाताना बूट कसे निवडावेत?

डिसेंबरची सुट्टी जवळ आली की आमच्या वसई-विरारमधल्या घरांतून काश्मीरच्या गोष्टी सुरू होतात. स्वेटर, टोप्या, खाऊ यांची तयारी महिनाभर चालते. पायांचा विचार मात्र तिथे पोहोचल्यावर होतो. आमचेही असेच झाले.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचावर आहे. त्याच्या अलीकडे तंगमर्गला कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. तिथे घाईघाईत आम्ही धाकटीच्या पायात दोन-दोन सुती मोजे चढवले आणि बूट कसेबसे बसवले. घट्ट आहेत म्हणजे ऊब राहील, हा आमचा हिशोब. मग ती अब्बूंच्या मागे स्नोमोबाईलवर बसली. उतरल्यावर म्हणाली, "अम्मी, माझी बोटं आहेत ना?" आम्ही हसलो. पण मोजे काढले तर ते ओले होते आणि बोटे पांढरी पडलेली. कोरडे मोजे घालून, पाय पोटाशी धरून बसलो तेव्हा कुठे हळूहळू रंग परतला. अल्हम्दुलिल्लाह, एवढ्यावरच निभावले.

चूक कुठे झाली, ते नंतर कळले. ऊब बुटाच्या जाडीत कमी आणि आत साठलेल्या कोरड्या हवेत जास्त असते. घट्ट बुटात ही हवा राहत नाही, शिवाय पायाचे रक्त नीट फिरत नाही. सुती मोजा घाम शोषतो आणि ओलाच राहतो. चालणाऱ्या माणसाचे पाय हालचालीने तापतात. स्नोमोबाईलवर मात्र पाय एका जागी असतात आणि वारा सतत लागतो. म्हणून या सफरीला चालण्यापेक्षा उबदार बूट हवेत.

बूट घेताना आत हात घालून पाहावे. अस्तर ओलसर असेल तर दुसरा जोड मागावा. आपला पावसाळी गमबूट पाणी अडवतो, पण त्याला अस्तर नसते. बर्फात तो पुरत नाही. लोकरी मोजा घालूनच माप घ्यावे आणि आत बोटे सहज हलतात का ते पाहावे. बूट घोट्याच्या वर यावा, तळवा खाचांचा असावा, नाडी लोंबती नसावी. एका दिवसासाठी महागडे बूट विकत घेण्याची गरज नाही. लोकरी मोज्यांचे दोन जोड मात्र घरूनच न्यावेत. एक पायात, एक पिशवीत.

नमाजचाही विचार आधीच करावा. वुजू करून घातलेल्या, घोटा झाकणाऱ्या चामडी मोज्यांवर मसह करण्याची सवलत आहे: मुकीमाला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-रात्र. साध्या लोकरी मोज्यांबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

बोटे बधिर झाली तर ती चोळू नयेत, बर्फ तर मुळीच लावू नये. कांगडी किंवा बुखारीजवळही पाय धरू नयेत. बधिर कातडीला चटका कळत नाही. आडोशाला येऊन कोरडे मोजे घालावेत आणि अंगाच्या उबेने पाय तापवावेत. संवेदना परतली नाही, फोड आले किंवा कातडी कडक झाली तर लगेच डॉक्टर गाठावा.

लहान मुले खेळाच्या नादात थंडी वाजते हे सांगत नाहीत. म्हणून दर थोड्या वेळाने आपणच विचारावे, "बोटे हलवून दाखव बरं." आमच्या घरात आता हे वाक्य पाठ झाले आहे.